पिलांची ओळख आणि नावांची भाषा

प्राण्यांच्या पिलांसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरिणीचे पाडस, सिंहाचा छावा, ही नामावळी आपण मुलांकडून बालवर्गापासून घोकून घेतो. पक्ष्यांकडे वळताच मात्र हीच भाषा कृपण होते. घारीचे ते पिलू, पोपटाचे ते पिलू आणि चिमणीचेही पिलूच. अपवाद कोंबडीचा. अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबडीस ‘तलंग’ असा खास शब्द आहे. या अपवादाचे कारण उघड आहे. ज्या भेदावाचून संसार अडतो, त्या भेदाला भाषा शब्द देते. ज्यावाचून अडत नाही, त्याकडे ती पाहतही नाही. शेतकऱ्याचे रेडकावाचून अडत होते, तलंगेवाचून अडत होते. मुनियेचे पिलू कोणत्या जातीचे आहे यावाचून त्याचे काहीच अडत नव्हते.

आज ते अडू लागले आहे, असे आम्हांस वाटते. अनेक शाळांतून मुले पक्षिनिरीक्षणाच्या वह्या ठेवतात; त्यांतल्या नोंदी पुढे मोठ्यांच्या मार्फत सार्वजनिक नोंदसंग्रहांत जातात; आणि एखादी जात कोठे टिकून आहे व कोठून नाहीशी झाली, याचा निर्णय करताना अभ्यासक अशाच नोंदींचा आधार घेतात. या वह्यांतील सर्वांत कच्चा भाग पावसाळ्याच्या उत्तरार्धाचा असतो. त्या दिवसांत शेताच्या बांधावर जे पाखरांचे थवे उतरतात, त्यांत निम्मी नवी पिढी असते, आणि ही नवी पिढी जवळजवळ एकाच मातकट रंगाची असते. ती कशी ओळखावी, आणि कोठवर ओळखता येते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हातोद हे इंदूरच्या वायव्येस वसलेले माळव्यातील गाव. गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळी बांधलेला यशवंतसागर येथून जवळच आहे. २०२२ साली त्याचा समावेश जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. काळी जमीन, तलावाकाठचे ओले गवत, बाभळीची झुडपे आणि बांधावरचा चारा, असा हा मुलूख बिया टिपणाऱ्या लहान पाखरांना मानवतो. एके काळी येथे ज्वारीची शेते सर्वत्र होती. १९७० नंतरच्या दशकांत त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनचा दाणा मुनियेच्या चोचीचा नव्हे. म्हणून आता ही पाखरे पिकापेक्षा बांधावरील गवतावर अधिक विसंबून असतात, आणि पाहणाऱ्यास बांधावर उभे राहूनच त्यांची गाठ घ्यावी लागते. येथील मराठी घरांतल्या मुलांच्या तोंडी घरात ‘चिमणी’ आणि अंगणाबाहेर ‘चिडिया’ असते. आणि दोन्ही शब्दांच्या पोटात दहा-बारा जातींची पाखरे सुखाने नांदत असतात.

पिले एकमेकांसारखी का दिसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. पक्ष्याचा भडक रंग हा बहुधा प्रौढपणाचा, त्यातही नराचा, आणि पुष्कळदा विणीच्या हंगामापुरता असतो. जोडीदाराचे लक्ष वेधणे व प्रतिस्पर्ध्यास बजावणे, ही त्याची कामे. नुकत्याच घरट्याबाहेर पडलेल्या पिलास यांपैकी एकही काम नसते. त्याचे काम एकच, शिकाऱ्याच्या नजरेस न पडणे. आणि त्यासाठी वाळल्या गवताचा रंग पुरेसा असतो. शिवाय पहिला पिसारा घाईने वाढलेला असतो. त्याची पिसे सैल, मऊ आणि विसविशीत असतात. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती झडून दुसरी येतात, आणि मग जातीचा खरा वेष अंगावर चढू लागतो.

आता आपल्या नावांकडे पाहावे. ठिपकेवाली मुनिया, लाल मुनिया, काळ्या डोक्याची मुनिया, हिरवी मुनिया. ही सारी नावे प्रौढाच्या वेषावरून पडलेली आहेत. शास्त्रीय नावांचीही तीच गत. लिनिअसने १७५८ साली ठिपकेवाल्या मुनियेस दिलेले ‘पंक्ट्युलाटा’ हे विशेषण ‘ठिपके असलेली’ याच अर्थाचे आहे. आणि तिच्या पिलाच्या अंगावर एकही ठिपका नसतो. नावात सांगितलेली खूण पाहण्याची ज्याला सवय, त्याला पिलापाशी आल्यावर पाहण्यासारखे काही उरतच नाही. अडचण येथे आहे. पिलू खुणांवाचून असते असे नव्हे. त्याच्या खुणा नावात सापडत नाहीत, एवढेच. म्हणून पिलांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा लागतो. वर्णन आधी, नाव शेवटी.

पहिला प्रश्न असा की, समोरचे पाखरू पिलू आहे, की साध्या रंगाची मादी? चोचीच्या कोपऱ्यात पिवळसर किंवा फिकी मांसल कड दिसली, शेपूट आखूड व अपुरे वाढलेले असले, पिसारा विसविशीत असला, किंवा पाखरू अंग चोरून, पंख थरथरवून दुसऱ्याकडे चारा मागत असले, तर ते पिलू समजावे. मुनियांच्या पिलांच्या तोंडात टाळ्यावर गडद खुणाही असतात; गवताच्या बंद, घुमटासारख्या घरट्यातील अंधारात आईबापांस त्या उपयोगी पडतात, असे अभ्यासक मानतात. मात्र त्या पाहण्यासाठी पिलास हातात घेण्याचा मोह कोणी धरू नये. दुर्बिणीतून जे दिसेल त्यावरच आपले काम भागले पाहिजे.

पिलू हे निश्चित झाले म्हणजे मग रंग बाजूला ठेवून चोच, पंख, शेपटीचे मूळ आणि शेपटीचा आकार, या क्रमाने नजर फिरवावी. आमच्या भागातील चार मुनियांना ही कसोटी लावून पाहू.

लाल मुनियेचे पिलू चौघींत ओळखण्यास सर्वांत सोपे. त्याच्या पंखांवर फिक्या, पिवळसर तपकिरी रंगाचे दोन आडवे पट्टे असतात. इतर तिघींच्या पिलांत ते नसतात. चोच काळसर असते आणि आईच्या शेपटीच्या मुळाशी असलेला लाल रंग पिलात नसतो. येथे एक सावधगिरी हवी. प्रौढ लाल मुनियेची चोचही बारमाही लाल नसते. मे महिन्यापासून ती लाल होऊ लागते, हिवाळ्याच्या आरंभी पूर्ण रंगास येते आणि एप्रिलमध्ये पुन्हा काळी पडते. तेव्हा ‘चोच काळी, म्हणून पिलू’ हे अनुमान ऑक्टोबरात चालेल, एप्रिलात चालणार नाही. जाता जाता भाषेची एक गंमतही सांगावीशी वाटते. या पाखराचे ‘अमंडवा’ हे शास्त्रीय नाव अहमदाबाद या शहराच्या नावाचा अपभ्रंश आहे. तेथून ही पाखरे पिंजऱ्यांत भरून परदेशी जात असत.

पांढऱ्या कंठाची मुनिया कोरड्या, काटेरी झुडपांच्या जागी आढळते. हिचे पिलू आईबापांसारखेच दिसते. वरून मातकट, खालून फिके. येथे शेपटी कामास येते. प्रौढाची शेपटी काळी, लांब व टोकदार असते. पिलाची काळसरच, पण आखूड व टोकास गोलसर. काळसर पंख-शेपूट आणि फिके पोट, ही जोडी उडताना चांगली दिसते. या मुनिया पुष्कळदा सुगरणीच्या जुन्या, सोडून दिलेल्या खोप्यांत बिऱ्हाड करतात. त्यामुळे सुगरणीच्या खोप्यातून डोकावणारे पिलू सुगरणीचेच असेल, असे धरून चालू नये.

राहिल्या दोघी, ठिपकेवाली आणि काळ्या डोक्याची. आणि खरी अडचण या दोघींच्या पिलांची आहे. दोन्ही पिले वरून साधी तपकिरी, खालून फिकी. पंखांवर पट्टा नाही, अंगावर ठिपका नाही. काळ्या डोक्याच्या मुनियेची चोच प्रौढपणी निळसर करडी व भरदार असते. तिचे पिलू मोठे होत जाते तशी त्याच्या चोचीवर ही निळसर झाक उतरते. पण अगदी कोवळ्या पिलाची चोच दोघींतही काळपट असू शकते. येथे जागा थोडी मदत करते. काळ्या डोक्याची मुनिया पाणथळ, उंच गवताच्या आणि लव्हाळ्याच्या जागी अधिक; ठिपकेवाली शेतात, बागेत, गावालगतही. संगतही मदत करते. पिलू कोणाकडे चारा मागते हे दिसले, तर निकाल लागलाच. मात्र नुसत्या थव्यात बसले आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये, कारण विणीनंतर निरनिराळ्या मुनिया एकत्र चरतात. आईबाप दिसत नाहीत, चोचीवर झाक नाही, अशा वेळी वहीत ‘मुनियेचे पिलू, जात अनिश्चित’ असे लिहावे. हा पराभव नव्हे. त्या क्षणी जेवढे ज्ञान उपलब्ध आहे, तेवढेच ते अचूक विधान आहे.

मुनियांइतकाच घोटाळा चिमणी, सुगरण आणि रानचिमणी या त्रयीत होतो. विणीच्या हंगामात सुगरणीचा नर डोक्यावर पिवळा मुकुट मिरवतो, तेव्हा शंका उरत नाही. पण मादी, पिले आणि हंगामाबाहेरचा नर ही सारी घरच्या चिमणीच्या मादीसारखी दिसतात. सुगरणीची चोच बुडाशी जाड व शंकूसारखी, शेपूट आखूड; चिमणीची चोच त्या मानाने बेताची आणि शेपूट लांब. पाठीवर रेघा दोघींच्याही असतात. रानचिमणीच्या पाठीवर मात्र रेघाच नसतात. तिचे अंग सडपातळ, चोच बारीक आणि पंखांवर फिके आडवे पट्टे. तिच्या प्रौढ नराच्या गळ्यावर पिवळा डाग असतो, पिलाच्या नसतो. म्हणून पिलापुरता तरी गळा विसरून पाठ पाहावी.

याच गळ्यावरच्या पिवळ्या डागाने भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात मोठी कामगिरी केली आहे. शाळकरी वयाच्या सालिम अली (१८९६–१९८७) यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून त्यांना नवल वाटले आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठविले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी त्या मुलास नुसते नाव सांगून वाटेला लावले नाही. खणांमागून खण उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या ओळी दाखविल्या आणि भेद डोळ्यांनी पाहू दिला. १९४१ साली ज्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले, त्या संशोधकाची वाट त्या खणांपासून सुरू झाली. शिक्षकांनी या घटनेतून घ्यावयाचे ते एवढेच की, मुलाच्या हाती नाव देण्याआधी त्याच्या डोळ्यांपुढे भेद ठेवावा.

सुगरणीचा विषय निघाला म्हणून नावांसंबंधी आणखी एक गोष्ट. ‘सुगरण’ हा शब्द स्त्रीलिंगी, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे तो मराठी मनात आईच्या मायेशी कायमचा जोडला गेला आहे. निसर्गात मात्र खोपा विणण्याचे मुख्य काम नर करतो, आणि मादी तो पाहून पसंत करते. कवितेचे मोल याने तसूभरही उणे होत नाही. कवितेचे सत्य वेगळ्या जातीचे असते. परंतु मुलाने वहीत ‘मादी घरटे विणताना दिसली’ असे लिहिले, तर ते डोळ्यांनी पाहिलेले आहे की शब्दाने दाखविलेले, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकानेच विचारला पाहिजे. शब्द आपल्या वतीने पाहू लागला, की पाहणे थांबते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याची कारणे तीन.

पहिले कारण हिरव्या मुनियेचे. ही जात जगात फक्त भारतात, तीही प्रामुख्याने मध्य भारतात, तुटक तुटक ठिकाणी आढळते, आणि तिची गणना संकटाच्या छायेतील जातींत झालेली आहे. प्रौढ पाखरू वरून हिरवट, खालून पिवळे, कुशीवर काळे-पांढरे पट्टे आणि लाल चोच असे सुरेख असते. पिलू फिके, काळपट चोचीचे आणि कुशीवर ठळक पट्टे नसलेले. एखाद्याने साध्या पिलाला उत्साहाने हिरवी मुनिया म्हटले, तर जेथे ती नाही तेथे ती आहे असे नोंदले जाईल. आणि खरे पिलू ‘कुठलीतरी मुनिया’ म्हणून सोडून दिले, तर तिच्या विणीची एक मोलाची जागा कोणास कळणार नाही. यात भर पडते ती पिंजऱ्यांच्या चोरट्या व्यापाराची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आणि १९९०-९१ पासूनच्या बंदीमुळे देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तरीही साध्या मुनियांना हिरवा-तांबडा रंग फासून विकण्याचे प्रकार घडत आले आहेत. असे एखादे सुटलेले पाखरू दिसले, तर रंगाने फसणारा हमखास फसतो. चोच व शेपूट पाहणारा फसत नाही.

दुसरे कारण पिलांच्याच जिवाचे. ऑगस्ट-सप्टेंबरात मुले जमिनीवर बसलेले पिलू उचलून वर्गात आणतात. आखूड शेपटीचे, अंगभर पिसे आलेले पिलू बहुधा अनाथ नसते. ते उडण्याचे धडे घेत असते आणि त्याचे आईबाप जवळच चारा घेऊन वाट पाहत असतात. ते पुन्हा त्याच झुडपात, मांजर-कुत्र्यापासून उंच, ठेवून दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आई पिलास टाकते, हा समज खरा नाही. पिलू जखमी असेल किंवा अंगावर पिसेच नसतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जाणत्यांस व वनखात्यास कळवावे. पिसे आलेले आणि न आलेले, हा भेद ज्या मुलास कळला, त्याच्या हातून निदान एका पिलाची ताटातूट टळली.

तिसरे कारण नोंदींच्या विश्वासार्हतेचे. आमच्या याच प्रदेशातील पक्ष्यांवर स्विन्हो व बार्न्स या लष्करी अधिकाऱ्यांचा लेख ‘आयबिस’ या नियतकालिकात १८८५ साली आला. त्या काळचा संग्राहक पक्षी मारून, कातडे हातात घेऊन, मोजून-मापून लिहीत असे. ती रीत आज नको आणि योग्यही नाही. पण मग हातातल्या कातड्याची जागा वहीतल्या वर्णनानेच भरून काढावी लागते. मोबाइलवरील साधने छायाचित्रावरून नाव सुचवितात, आणि ती पुष्कळदा बरोबरही असतात, परंतु ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर नोंद करणाऱ्यापाशीच असावे लागते. ई-बर्डसारख्या जागतिक नोंदसंग्रहातही जात निश्चित न करता केवळ गट नोंदविण्याची सोय मुद्दाम ठेवलेली आहे. जे शास्त्रज्ञांस कमीपणाचे वाटत नाही, ते आपल्या मुलांसही वाटू नये.

शाळांत हे कसे आणावे? आमची सूचना साधी आहे. वहीच्या पानावर पाच रकाने आखावेत. पहिल्यात तारीख, वेळ व जागा. दुसऱ्यात पिलू असल्याची खूण. तिसऱ्यात चोच, पंख व शेपूट यांचे वर्णन. चौथ्यात संगत व वागणूक. आणि पाचव्यात नाव. पहिले चार रकाने जागेवरच भरावेत. पाचवा शाळेत परतल्यावर, पुस्तके पाहून, आणि वाटल्यास कोराच ठेवावा. कोरा रकाना असलेल्या पानासही पूर्ण गुण द्यावेत. भाषेच्या तासाला हेच वर्णन निबंधलेखनाचा उत्तम पाठ ठरते, कारण येथे विशेषण सजावटीसाठी येत नाही. ‘गोजिरवाणे’ लिहिल्याने काही कळत नाही. ‘आखूड, गोलसर टोकाचे शेपूट’ लिहिल्याने एक मुनिया तीन मुनियांपासून वेगळी होते. विशेषणाने भेद दाखवावा, हा धडा व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा बांधावर लवकर कळतो.

पिलांसाठी नवे शब्द घडवावेत काय, असा प्रश्न साहित्यसंस्थांच्या सभासदांना सुचणे स्वाभाविक आहे. आम्हांस त्याची घाई वाटत नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ‘पक्षिकोश’ रचला, तो रानात राहणाऱ्यांच्या ओठांवरचे शब्द आयुष्यभर टिपून. खोलीत बसून शब्द पाडण्याने ते झाले नसते. गोपाळ, पारधी, शेतकरी, कोळी यांच्या बोलीत कोवळ्या पाखरांसाठी काही वेगळी नावे असतील, तर ती आधी विचारून घ्यावीत. माळव्यात ती मराठीत नसतील तर माळवीत असतील, आणि तेथून घेण्यात कमीपणा नाही. कोठेच नसतील, तर ‘ठिपकेवाल्या मुनियेचे पिलू, अजून ठिपके न आलेले’ हे लांबलचक वर्णनही चालेल. ते खरे आहे, आणि ते म्हणणाऱ्याने पाखराकडे पाहिलेले आहे. भाषेला पुढे कधी त्याचा एक शब्द करावासा वाटला, तर ती तो करील. तलंगेचा तिने असाच केला.